जलचर प्राण्यांतील आंत्र-सूक्ष्मजंतू

जलचर प्राण्यांतील आंत्र-सूक्ष्मजंतू : मासे, कोळंबी व पाणपिसू यांसारखे कवचधारी प्राणी, देवमाशासारखे सस्तन प्राणी इ. पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांच्या अन्नमार्गात कायमचे किंवा काही काळ वास्तव्य करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा समुदाय. हे सूक्ष्मजंतू अन्नाच्या पचनास साहाय्य करतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात, रोगकारक जंतूंना जागा मिळू देत नाहीत आणि प्राण्याच्या आतड्याची वाढ व प्रतिकारक्षमता यांवरही परिणाम करतात. एखाद्या प्राण्याच्या आतड्यात कोणते सूक्ष्मजंतू असावेत हे मुख्यत्वे दोन गोष्टींवरून ठरते : (१) प्राण्याभोवतीचे पाणी, अन्न, तापमान, लवणता व सहवासातील इतर प्राणी म्हणजे पर्यावरण आणि (२) प्राण्याची आनुवंशिक घडण. पर्यावरण सूक्ष्मजंतूंचा पुरवठा करते व प्राण्याचे शरीर त्यांतून निवड करते, असे स्थूलमानाने म्हणता येते. तथापि या दोहोंचे वाटे ठराविक नसतात. परिस्थितीनुसार कधी एकाचा, तर कधी दुसऱ्याचा प्रभाव वरचढ ठरतो. ही गोष्ट शास्त्रीय दृष्ट्या जितकी महत्त्वाची आहे, तितकीच मत्स्यसंवर्धनाच्या दृष्टीनेही आहे.

सर्वसाधारण स्वरूप : जमिनीवरील प्राणी हवेत राहतात आणि हवेत सूक्ष्मजंतूंचे प्रमाण अल्प असते. जलचर प्राण्याची स्थिती याहून वेगळी आहे. समुद्राच्या १ मिलि. पाण्यात सामान्यतः सुमारे १० लक्ष सूक्ष्मजंतू असतात आणि माशाची त्वचा, कल्ले व मुख यांचा या पाण्याशी सतत संपर्क येतो. सागरी अस्थिमत्स्यांच्या शरीरातील पाणी खाऱ्या परिसरामुळे सतत बाहेर जात असते व ते भरून काढण्यासाठी त्यांना समुद्राचे पाणी प्यावे लागते. गोड्या पाण्यातील मासे पाणी जवळजवळ पीत नाहीत. त्यांच्या आतड्यात सूक्ष्मजंतू मुख्यतः अन्नाबरोबर येतात. सस्तन प्राण्याच्या पिलास जन्माच्या वेळी व स्तनपानातून मातेचे सूक्ष्मजंतू मिळतात. बहुसंख्य माशांची अंडी मात्र पाण्यात सोडलेली असतात व पिलांचा मातेशी पुढे संबंध राहत नाही. त्यामुळे माशाच्या पिलाला आपला सूक्ष्मजंतु-समुदाय बहुतांशी परिसरातूनच मिळवावा लागतो.

असे असूनही माशाच्या आतड्यातील समुदाय हा भोवतालच्या पाण्यातील समुदायाची हुबेहूब प्रतिकृती नसतो. पाण्यात विपुल असणारे कित्येक प्रकार आतड्यात टिकत नाहीत, तर पाण्यात क्वचित आढळणारे काही प्रकार आतड्यात बहुसंख्य होतात. गोड्या पाण्यातील पुष्कळ माशांत सीटोबॅक्टेरियम या प्रजातीचे सूक्ष्मजंतू मोठ्या प्रमाणात आढळतात. ते ब१२ जीवनसत्त्व तयार करतात. कार्प व टिलापिया या माशांना आहारातून हे जीवनसत्त्व द्यावे लागत नाही, याचे कारण त्यांच्या आतड्यातील सूक्ष्मजंतूंत आहे. सागरी माशांत व्हिब्रिओ व फोटोबॅक्टेरियम या प्रजाती वारंवार आढळतात. शैवले खाणाऱ्या काही सागरी माशांच्या आतड्यात ऑक्सिजनविरहित स्थितीत किण्वन होऊन वसाम्ले निर्माण होतात व माशाला त्यांपासून ऊर्जा मिळते. तांबड्या समुद्रातील तपकिरी सर्जन माशाच्या (ॲकॅन्थ्युरस नायग्रोफस्कस) आतड्यात १९८५ मध्ये एक मोठा एककोशिक जीव आढळला. त्याची लांबी सु. ०·६ मिमी. पर्यंत असल्याने तो नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. प्रारंभी त्याची गणना प्रजीवांत केली गेली. परंतु तो एक सूक्ष्मजंतूच आहे, असे १९९३ मध्ये सिद्ध झाले. एपुलोपिसियम फिशेलसोनाय या नावाने तो ओळखला जातो.

आतड्यातील सूक्ष्मजंतूंचे दोन गट मानले जातात. काही अन्नाबरोबर येऊन विष्ठेबरोबर निघून जातात. त्यांना अस्थायी म्हणतात. काही आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्मात स्थिर होऊन तेथेच वाढतात. त्यांना स्थायी म्हणतात. पर्यावरणाचा प्रभाव पहिल्या गटावर अधिक थेट पडतो. म्हणून आतड्यातील अन्नाचा नमुना घेतला की आतड्याच्या अस्तराचा, यावर पाहणीचे निष्कर्ष काही अंशी अवलंबून असतात.

अभ्यासाच्या पद्धती : विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात माशांच्या आतड्यातील सूक्ष्मजंतूंचा अभ्यास त्यांची पोषक माध्यमावर वाढ करूनच केला जाई. आतड्यातील अनेक सूक्ष्मजंतू अशा माध्यमावर वाढत नसल्याने या पद्धतीने समुदायाचा काही भागच दृष्टीस पडे. कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रिबोसोमातील आरएनएच्या तुलनेवरून जीवांचे नाते ठरविता येते, हे दाखवून दिले. या तत्त्वावर आधारलेल्या पद्धतींनी नमुन्यातील डीएनए थेट वाचून कोणते सूक्ष्मजंतू किती प्रमाणात आहेत, हे त्यांची वाढ न करताही समजू लागले. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीपासून डीएनए वाचण्याचा खर्च झपाट्याने कमी झाला आणि शेकडो माशांची तुलना करणे शक्य झाले. मात्र या पद्धतीत मृत सूक्ष्मजंतूंचाही डीएनए मोजला जातो, हे ध्यानात ठेवावे लागते.

पर्यावरण व आनुवंशिकता यांचे परिणाम वेगवेगळे करून पाहणे सोपे नसते. दोन तळ्यांतील मासे आनुवंशिक दृष्ट्या भिन्न असतील, तर त्यांचे पाणी व अन्नही भिन्न असते. एकाच जोडीची पिले बहुधा एकाच टाकीत वाढलेली असतात. त्यांच्यातील साम्य रक्ताच्या नात्यामुळे की एका टाकीतील पाण्यामुळे, हे केवळ पाहणीवरून सांगता येत नाही. त्यासाठी तीन प्रकारचे प्रयोग केले जातात : (१) निरनिराळ्या वंशांचे प्राणी अगदी सारख्या परिस्थितीत वाढविणे, (२) एकाच वंशाचे प्राणी निरनिराळ्या परिस्थितींत वाढविणे, (३) सूक्ष्मजंतूंचा पूर्ण अभाव असलेले, म्हणजे जंतुविरहित प्राणी तयार करून त्यांच्यात निवडक सूक्ष्मजंतू सोडणे.

तिसऱ्या प्रकारासाठी झीब्रा मासा (डॅनिओ रेरिओ) विशेष सोयीचा ठरला आहे. गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील ओढे, तळी व भातखाचरे यांत आढळणाऱ्या या लहान माशाचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये केले. त्याची अंडी शरीराबाहेर फलित होतात व पिले पारदर्शक असतात. अंड्यांचे कवच बाहेरून निर्जंतुक केले असता जंतुविरहित पिले मिळतात आणि जिवंत पिलाच्या आतड्यातील सूक्ष्मजंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. स्टिकलबॅक हा मासा, पाणपिसू (डॅफ्निया) व हायड्रा (जलव्याल) यांचाही असा उपयोग करण्यात आला आहे.

पर्यावरणाचा प्रभाव : पर्यावरणीय घटकांत लवणता हा एक प्रमुख घटक होय. गोड्या व खाऱ्या पाण्यातील माशांचे आंत्र-समुदाय सामान्यतः स्पष्टपणे वेगळे असतात. अटलांटिक सामन हा मासा नदीत जन्मतो व पुढे समुद्रात जातो. खाऱ्या पाण्यात नेल्यावर त्याच्या आतड्यातील समुदाय बदलतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. अटलांटिक महासागराच्या दोन्ही बाजूंच्या सामन माशांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मासा कोणत्या किनाऱ्याचा आहे यापेक्षा तो जीवनक्रमाच्या कोणत्या अवस्थेत आहे, यावर त्याचा समुदाय अधिक अवलंबून असल्याचे दिसून आले.

दुसरा घटक आहार हा होय. शाकाहारी, मांसाहारी व मिश्राहारी माशांचे समुदाय भिन्न असतात. अन्न हे दोन प्रकारे कार्य करते : ते स्वतःबरोबर सूक्ष्मजंतू आणते आणि आतड्यात आधीपासून असलेल्या सूक्ष्मजंतूंना खाद्य पुरविते. आहारात विविधता आली की सूक्ष्मजंतूंतही विविधता येईल, अशी सहज अपेक्षा असते. परंतु स्टिकलबॅक व युरोपीय पर्च या दोन माशांच्या २०१४ मधील अभ्यासात, अनेक प्रकारचे अन्न खाणाऱ्या माशांतील सूक्ष्मजंतूंची विविधता उलट कमी आढळली. एकाच आहाराचा परिणाम नर व मादी यांच्यात वेगवेगळा होतो, असेही या माशांत दिसून आले.

तापमान हा तिसरा घटक होय. मासे व अपृष्ठवंशी जलचर यांच्या शरीराचे तापमान सामान्यतः पाण्याच्या तापमानाबरोबर बदलते. त्यामुळे आतड्यातील सूक्ष्मजंतूंनाही ऋतुमानातील बदल सोसावे लागतात. सस्तन प्राण्याच्या आतड्यातील सूक्ष्मजंतूंना असा अनुभव येत नाही. यांशिवाय पाण्यातील ऑक्सिजनाचे प्रमाण, प्रदूषण, प्रतिजैव औषधे, तळ्यातील प्राण्यांची दाटी व एकत्र राहणाऱ्या प्राण्यांची एकमेकांशी होणारी सूक्ष्मजंतूंची देवघेव हेही घटक महत्त्वाचे आहेत.

या सर्वांत योगायोगालाही स्थान आहे. जवळपास सारख्या परिस्थितीत वाढलेल्या सख्ख्या भावंडांतही समुदाय तंतोतंत सारखे नसतात. पिलाच्या आतड्यात कोणता सूक्ष्मजंतू आधी पोहोचला, हे पुष्कळदा यदृच्छेवर अवलंबून असते. झीब्रा माशाच्या पिलापासून प्रौढापर्यंतच्या अवस्था तपासता, कोवळ्या वयात यदृच्छेने होणारे आगमन व नाश यांवरून समुदायाची रचना बरीचशी समजावून देता येते. वय वाढते तसे हे स्पष्टीकरण अपुरे पडू लागते व निवडीचा भाग वाढतो, असे २०१६ मध्ये दाखविण्यात आले.

आनुवंशिकतेचा प्रभाव : शरीराची निवड अनेक मार्गांनी होते. अन्नमार्गाची रचना हा त्यांतील सर्वांत ठळक मार्ग आहे. मांसाहारी माशांचे आतडे सामान्यतः आखूड, तर वनस्पती व गाळातील पदार्थ खाणाऱ्यांचे लांब असते. रोहू, कटला, झीब्रा मासा इ. सायप्रिनिडी कुलातील माशांना जठर नसते. त्यामुळे अन्नाबरोबर आलेल्या सूक्ष्मजंतूंना जठरातील अम्लाचा अडथळा पार करावा लागत नाही. पित्तरस, श्लेष्माचे रासायनिक स्वरूप, आतड्यातील ऑक्सिजनाचे प्रमाण व आतड्याच्या आकुंचनाचा वेग हे सर्व कमीअधिक प्रमाणात आनुवंशिक असून प्रत्येकाचा सूक्ष्मजंतूंवर परिणाम होतो. झीब्रा माशाच्या एका उत्परिवर्तित प्रकारात आतड्याचे तंत्रिका तंत्र विकसित होत नाही. अशा काही माशांत दाह निर्माण करणारे सूक्ष्मजंतू बेसुमार वाढून आतड्याचा दाह होतो; निरोगी माशातील तंत्रिका तंत्राच्या पूर्वगामी कोशिकांचे रोपण केल्यास तो टळतो, असे २०१७ मध्ये दाखविण्यात आले.

प्रतिकारयंत्रणा हा दुसरा मार्ग होय. माशांच्या आतड्यात सूक्ष्मजंतुनाशक पेप्टाइडे, एंझाइमे व प्रतिपिंडे स्रवतात. इंद्रधनुषी ट्राउट माशात आतड्याच्या संरक्षणासाठी खास प्रकारचे प्रतिपिंड असते, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. शरीराला स्वकीय व परकीय प्रथिने ओळखण्यास साहाय्य करणारा एक जीन-समूह पृष्ठवंशी प्राण्यांत असतो व त्यात व्यक्तिव्यक्तींत मोठी भिन्नता असते. ज्या स्टिकलबॅक माशांत या जीनांचे प्रकार अधिक, त्यांच्या आतड्यात सूक्ष्मजंतूंचे प्रकार कमी असतात, असे डॅनिएल बोल्निक व त्यांच्या सहकाऱ्यांना २०१४ मध्ये आढळले. ओळखणारे पहारेकरी अधिक, तेव्हा प्रवेश मिळणारे कमी, असा याचा अर्थ लावता येतो.

आनुवंशिक निवडीचे एक स्पष्ट उदाहरण हायड्रामध्ये मिळते. याचे सूक्ष्मजंतू मुख्यतः शरीराच्या बाहेरील अभिस्तरावर असतात. त्यामुळे ते काटेकोर अर्थाने आंत्र-सूक्ष्मजंतू नव्हेत, परंतु निवडीचे तत्त्व तेच आहे. जर्मनीतील कील विद्यापीठात सेबास्टिअन फ्राउने व टॉमस बॉश यांनी २००७ मध्ये हायड्राच्या दोन जातींची तुलना केली. या दोन्ही जाती ३० वर्षांहून अधिक काळ प्रयोगशाळेत सारख्याच परिस्थितीत वाढविलेल्या होत्या, तरीही त्यांचे सूक्ष्मजंतू भिन्न होते व ते निसर्गातील त्या त्या जातींच्या सूक्ष्मजंतूंशी जुळणारे होते. २०१३ मध्ये याचे एक कारणही समजले. हायड्राच्या कोशिका जी सूक्ष्मजंतुनाशक पेप्टाइडे तयार करतात, त्यांपैकी आर्मिनीन या गटातील पेप्टाइडांची निर्मिती कमी केली असता त्या हायड्राची आपल्या जातीला योग्य सूक्ष्मजंतू निवडण्याची क्षमता नाहीशी झाली.

पुरवठा व निवड यांचे कार्य एकाच प्रयोगात दाखविणारे उदाहरण झीब्रा मासा व उंदीर यांचे आहे. जॉन रॉल्स, जेफ्री गॉर्डन व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये झीब्रा माशाचे आंत्र-सूक्ष्मजंतू जंतुविरहित उंदरात व उंदराचे सूक्ष्मजंतू जंतुविरहित माशात सोडले. नव्या घरात कोणते वंश राहिले ते मूळ दात्यावर अवलंबून होते. परंतु त्यांचे परस्पर प्रमाण मात्र बदलले व ते नव्या आश्रयदात्याच्या नेहमीच्या समुदायासारखे झाले. म्हणजे समुदायातील घटक बाहेरून आले, परंतु त्यांची मांडणी शरीराने केली. निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयोगशाळांत वाढलेले झीब्रा मासे व नैसर्गिक अधिवासातून नुकतेच पकडलेले झीब्रा मासे यांच्या समुदायांत एक समान गाभा असतो, असे २०११ मधील तुलनेतही दिसून आले.

देवमाशांचे उदाहरण आनुवंशिकतेचा दीर्घकालीन वारसा दाखविते. बलीनधारी देवमासे क्रिल व लहान मासे खातात, म्हणजे ते मांसाहारी आहेत. परंतु त्यांचे पूर्वज समखुरी गणातील शाकाहारी प्राण्यांचे नातलग होते व त्यांचे जठर आजही अनेक कप्प्यांचे आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांचे आंत्र-सूक्ष्मजंतू काही बाबतींत भूचर शाकाहाऱ्यांच्या, तर प्रथिनांच्या पचनाच्या बाबतीत मांसाहाऱ्यांच्या सूक्ष्मजंतूंसारखे आहेत. क्रिलच्या कवचातील कायटिन हा पदार्थ सेल्युलोजाप्रमाणेच पचनास कठीण असून त्याचे किण्वन अशा जठरात होऊ शकते.

दोहोंची परस्परक्रिया : नैसर्गिक परिस्थितीत पर्यावरण व आनुवंशिकता यांचे परिणाम एकमेकांत गुंतलेले असतात. कॅनडातील व्हँकूव्हर बेटावरील सरोवरे, ओढे व खाड्या यांत स्टिकलबॅक माशाचे (गॅस्टेरोस्टिअस ॲक्युलिएटस) अनेक समूह आहेत. हिमयुगाच्या अखेरीस समुद्रातून गोड्या पाण्यात आलेल्या पूर्वजांपासून हे समूह निर्माण झाले व सरोवरे अलग असल्याने ते आनुवंशिक दृष्ट्या एकमेकांपासून दूर गेले. अशा १० समूहांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आंत्र-समुदायाचा संबंध अधिवासाच्या प्रकाराशी व अन्नावरील सूक्ष्मजंतूंशी आढळला, पण पाण्यातील सूक्ष्मजंतूंशी आढळला नाही. जे समूह आनुवंशिक दृष्ट्या अधिक दूरचे, त्यांचे आंत्र-समुदायही अधिक भिन्न होते. यावरून समूहासमूहांतील फरक बाहेरून होणाऱ्या पुरवठ्यापेक्षा शरीरांतर्गत निवडीवर अधिक अवलंबून असावा, असे अनुमान काढण्यात आले. येथे आणखी एक गुंतागुंत लक्षात घ्यावी लागते. माशाच्या तोंडाची ठेवण आनुवंशिक असते व त्यानुसार मासा तळातील किडे खाणार की पाण्यात तरंगणारे प्लवक खाणार, हे बरेचसे ठरते. म्हणजे आहार हा पर्यावरणीय घटक असला, तरी त्याची निवड अंशतः आनुवंशिकतेनेच झालेली असते.

याच्या उलट बाजूचा प्रयोग झीब्रा माशावर झाला व २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मजात प्रतिकारयंत्रणेतील एक महत्त्वाचा जीन निकामी असलेले मासे व सामान्य मासे वेगवेगळे ठेवले असता त्यांच्या आंत्र-समुदायांत फरक दिसला. परंतु दोन्ही प्रकारचे मासे एकत्र ठेवताच एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या ओघाने जीनाचा परिणाम झाकला गेला. म्हणजे तोच जीन एका परिस्थितीत निर्णायक, तर दुसऱ्या परिस्थितीत नगण्य ठरला. आंत्र-सूक्ष्मजंतूंवरील आनुवंशिकतेच्या प्रभावाची एखादी टक्केवारी सांगितली जाते, तेव्हा ती त्या प्रयोगातील परिस्थितीपुरतीच खरी असते, हे यावरून स्पष्ट होते.

पाणपिशीच्या बाबतीत ही परस्परक्रिया विशेष चांगली अभ्यासता येते. ती अनुकूल काळात नराशिवाय प्रजनन करते, त्यामुळे एकाच मादीपासून आनुवंशिक दृष्ट्या एकसारखी असंख्य संतती मिळते. सूक्ष्मजंतूंवाचून वाढविलेल्या पाणपिसवा आकाराने लहान राहतात, त्यांना कमी पिले होतात व त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण वाढते, असे २०१५ मध्ये आढळले. उन्हाळ्यात सांडपाण्यामुळे समृद्ध झालेल्या तळ्यांत मायक्रोसिस्टिस हे विषारी नीलहरित शैवल माजते. काही वंशांच्या पाणपिसवा ते सहन करतात, तर काहींच्या करू शकत नाहीत. बेल्जियममधील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जंतुविरहित पाणपिसवांत निरनिराळ्या दात्यांचे आंत्र-सूक्ष्मजंतू सोडून पाहिले, तेव्हा ही सहनशक्ती सूक्ष्मजंतूंबरोबर दुसऱ्या प्राण्यात जाऊ शकते, असे दिसले. दात्याचा समुदाय मात्र त्याच्या आनुवंशिक घडणीवर व त्याने पूर्वी ते विषारी शैवल खाल्ले होते की नाही यावर, अशा दोन्ही गोष्टींवर अवलंबून होता. जो गुण वरकरणी आनुवंशिक वाटतो, तो काही अंशी आनुवंशिकतेने निवडलेल्या सूक्ष्मजंतूंचा असू शकतो, असा याचा अर्थ होय.

प्राण्याच्या शरीरावरील परिणाम : सूक्ष्मजंतू व शरीर यांचा संबंध एकतर्फी नसतो. झीब्रा माशाच्या पिलांत सूक्ष्मजंतूंच्या अस्तित्वाने पचन तंत्रातील २१२ जीनांच्या कार्यात बदल होतो व त्यांपैकी ५९ बाबतींत उंदराच्या आतड्यातही तसाच प्रतिसाद मिळतो, असे २००४ मध्ये दाखविण्यात आले. मासा व सस्तन प्राणी यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले असूनही हे साम्य टिकून आहे. जंतुविरहित पिलांत आतड्याच्या कोशिकांची वाढ मंदावते. काही सूक्ष्मजंतूंमुळे आतड्यातून वसेचे शोषण वाढते (२०१२). एरोमोनस प्रजातीच्या सूक्ष्मजंतूपासून मिळालेल्या एका प्रथिनामुळे अग्निपिंडातील इन्शुलीन निर्माण करणाऱ्या कोशिकांची संख्या वाढते, असेही २०१६ मध्ये आढळले.

मत्स्यसंवर्धनातील महत्त्व : तळ्यात माशांची व कोळंबीची दाटी असते, खाद्य बाहेरून दिले जाते व पाण्यात सेंद्रिय पदार्थ साचतात. अशा पाण्यात झपाट्याने वाढणारे संधिसाधू सूक्ष्मजंतू बळावतात. कोळंबीचा तीव्र यकृत-स्वादुपिंड ऱ्हास हा रोग याचे उदाहरण आहे. २००९ नंतर चीन, व्हिएटनाम, मलेशिया व थायलंड या देशांत त्याने तळीच्या तळी ओस पडली. व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस या सामान्यतः खाऱ्या पाण्यात आढळणाऱ्या सूक्ष्मजंतूचे काही विषारी प्रकार त्यास कारणीभूत असल्याचे २०१३ मध्ये सिद्ध झाले. हे सूक्ष्मजंतू कोळंबीच्या जठरात वाढतात व त्यांचे विष पचनग्रंथीचा नाश करते. भारतात पीनिअस व्हॅनामाय या जातीच्या कोळंबीचे संवर्धन करण्यास २००९ मध्ये परवानगी मिळाली. त्यासाठी विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त अशी प्रजनक कोळंबी वापरण्यात येते. परंतु अशा बीजालाही आपले आंत्र-सूक्ष्मजंतू ज्या तळ्यात सोडले जाईल त्या तळ्यातूनच मिळणार, हे विसरून चालत नाही.

प्रतिजैव औषधांनी रोगजंतूंबरोबर उपयुक्त सूक्ष्मजंतूही मरतात, मोकळ्या झालेल्या जागेत संधिसाधू जंतूंना वाव मिळतो आणि औषधांना दाद न देणारे जंतू निर्माण होतात. त्यामुळे १९८० नंतर खाद्यातून व पाण्यातून उपयुक्त सूक्ष्मजंतू देण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांसाठी बॅसिलस प्रजातीचे सूक्ष्मजंतू विशेष वापरले जातात. मात्र बाहेरून दिलेले सूक्ष्मजंतू प्राण्याच्या निवडीतून पार पडतीलच असे नाही. पुष्कळदा देणे थांबविले की ते आतड्यातून नाहीसे होतात. दुसरा मार्ग पाण्यावर लक्ष केंद्रित करतो. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथील शास्त्रज्ञांनी १९९० नंतर असे दाखविले की, पाणी निर्जंतुक करून लगेच वापरण्यापेक्षा त्यात सावकाश वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा स्थिर समुदाय तयार होऊ दिल्यास सागरी माशांची पिले अधिक चांगली जगतात. रिकाम्या पाण्यात प्रथम संधिसाधू जंतूच वाढतात, हे त्याचे कारण होय.

तिसरा मार्ग प्रजननातील निवडीचा आहे. निळ्या टिलापियाच्या (ओरिओक्रोमिस ऑरियस) थंडी सोसणाऱ्या व न सोसणाऱ्या कुटुंबांची तुलना इझ्राएलमधील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. थंडी सोसणाऱ्या कुटुंबांचे आंत्र-समुदाय वेगळे होते व पाण्याचे तापमान उतरले असता ते कमी विस्कळित झाले. म्हणजे माशांची निवड करताना नकळत त्यांच्या सूक्ष्मजंतूंचीही निवड झाली होती. भारतात भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत नॉर्वेच्या सहकार्याने निवडक प्रजनन करून जलद वाढणारा ‘जयंती’ रोहू तयार करण्यात आला. अशा वाणांची वाढ चांगली होण्यात आतड्यातील सूक्ष्मजंतूंचा वाटा असू शकतो, ही दृष्टी ठेवून त्यांची चाचणी एकाहून अधिक ठिकाणच्या पाण्यात करणे इष्ट ठरते. शांतिनिकेतन येथील विश्वभारती विद्यापीठात भारतीय कार्प माशांच्या आतड्यातून प्रथिने, पिष्टमय पदार्थ व सेल्युलोज यांचे विघटन करणारे सूक्ष्मजंतू वेगळे करण्यात आले आहेत. मासळीच्या भुकटीऐवजी स्वस्त वनस्पतिज खाद्य वापरण्याच्या दृष्टीने त्यांना महत्त्व आहे. महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या तळ्यांत रोहू, कटला, मृगळ व गवत्या या माशांचे एकत्र संवर्धन केले जाते. एकाच पाण्यात राहूनही हे मासे वेगवेगळ्या थरांतील निरनिराळे अन्न खातात व त्यांचा आनुवंशिक वारसाही भिन्न आहे.

मत्स्यबीज केंद्रातून आणलेली बोटुकली शेतकरी तळ्यात सोडतो, तेव्हा तिच्यातील आनुवंशिक गुण तो विकत घेतो. परंतु त्या गुणांना साथ देणारे सूक्ष्मजंतू बहुतांशी त्याच्या तळ्यातील पाणी, गाळ व खाद्य यांतून यावयाचे असतात. उत्तम बीज दूषित पाण्यात निष्फळ ठरू शकते आणि पाणी उत्तम असूनही बीजाच्या निवडक्षमतेची मर्यादा ओलांडता येत नाही. म्हणून बीजाची सुधारणा व पाण्याची निगा ही दोन स्वतंत्र कामे न मानता एकाच कामाची दोन अंगे मानणे आवश्यक आहे.